कणी राखलेला भात

“या देहात प्राण आहेत तोवर, आणि ते गेल्यावरही जमेल तितके दिवस, कांद्याची सालसुद्धा या घराचा उंबरा ओलांडणार नाही!”

ही घोषणा नृसिंहशास्त्र्यांनी केली तेव्हा त्यांच्यापुढे कांदाभज्यांची दुसऱ्यांदा भरलेली ताटली होती. दिवस कांदेनवमीचा. दोन दिवसांनी चातुर्मास बसायचा, म्हणजे चार महिने कांदा-लसूण बंद. तेव्हा चार महिन्यांची बेगमी एका बैठकीत पोटात करून ठेवावी, ही पूर्वजांची दूरदृष्टी. शास्त्रीबुवा पूर्वजांच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. घोषणेच्या शेवटी त्यांनी एक प्रदीर्घ ढेकर दिला, आणि ती घोषणा नेमकी कशाबद्दल होती हे शेजारच्या तीन बिऱ्हाडांनाही कळलं.

“आणखी वाढू का मामंजी?” आतून अंबिकेनं विचारलं.

“वाढ. पुढं कुठं मिळणार आहेत!”

अंबिका ही त्यांची सून. राहुरीच्या पुढं प्रवरेच्या कालव्यावर एक साखर कारखाना होता, त्याच्या वसाहतीत तिचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. नवरा शामकांत कारखान्यात हेडक्लार्क. वर पत्रे होते, आणि वैशाखात त्या पत्र्यांखाली पापड न भाजता भाजले गेले असते. पण चूल तिची होती. नेवाशाच्या मोठ्या घरात सासू, चुलतसासू आणि आजेसासू अशा तिघी एका चुलीभोवती बसत, आणि अंबिकेच्या वाट्याला यायची ती फुंकणी. भात किती मऊ, आमटी किती आंबट, हे ठरवायला तिथं वय लागत असे, आणि ते वय गाठेपर्यंत बायकांचे दात पडत. इथं आल्यावर पहिल्यांदा तिच्या हातात पळी आली. ती तिनं अशी धरली होती की आता कुणी हात धरून सोडवली असती तर हातासकट सोडवावी लागली असती.

आणि शास्त्रीबुवा सोडवायलाच आले होते.

“वसाहतीत आचार बिघडतो,” चातुर्मास बसला त्या दिवशी ते म्हणाले. “नळाचं पाणी, विजेचे दिवे, आणि शेजारी कोण हे विचारायची सोय नाही. मी चार महिने इथं राहणार, डोळ्यांत तेल घालून बघणार. एक जरी चूक दिसली तर सूनबाई माझ्याबरोबर नेवाशाला. कायमची. शामकांत खाणावळीत जेवेल.”

“बघू,” शामकांत म्हणाला, आणि पंप चालू आहे की नाही ते बघायला बाहेर गेला. घरात आवाज चढला की शामकांतला वसाहतीच्या पंपाची फार काळजी वाटे.

शास्त्रीबुवांचे स्वतःचे नेम मात्र कडक होते, त्यात खोट नव्हती. चार महिने एकभुक्त. म्हणजे दुपारी एकदाच जेवायचं, पुन्हा दुसऱ्या दिवशी दुपारी. जेवताना मौन. आणि पानावर काही मागायचं नाही. वाढलं तर खायचं, नको असेल तर पानावर आडवा हात धरायचा. बाकीचे तेवीस तास ते मौनाची भरपाई करत.

आषाढ गेला, श्रावण गेला. अंबिकेची एक चूक सापडली नाही. शास्त्रीबुवा खंगत चालले.

भाद्रपदात वसाहतीचा पंप खरोखरच बंद पडला. शामकांतची काळजी इतक्या वर्षांनी फळाला आली. तो दुरुस्त करायला आला सिल्व्हिओ.

सिल्व्हिओ हा लढाईत पकडलेला इटालियन. इटली शरण गेल्यापासून या माणसाला शत्रू म्हणावं की दोस्त, याचा सरकारला उलगडा होईना. तोवर बसवून खायला कशाला घाला, म्हणून त्याला कारखान्याची यंत्रं दुरुस्त करायला धाडला होता. माणूस हुशार. मराठी तो बॉयलरवर शिकला, बन्सी फिटरच्या तोंडून, त्यामुळं त्याच्या मराठीला बॉयलरची धग आणि बन्सीचं व्याकरण होतं.

पंप सुरू झाला तेव्हा अंबिकेनं मागच्या दारी त्याला चहा दिला. वेगळ्या कपात, वरून, हात न लागता. त्यानं तो एका दमात प्यायला आणि कप स्वतःच विसळून पालथा घातला. बन्सीनं त्याला तेही शिकवलं होतं.

“तुमच्याकडं काय खातात हो?” तिनं सहज विचारलं.

सिल्व्हिओनं हातातला पाना खाली ठेवला. बहुधा चार वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

“भात,” तो म्हणाला. “आमच्या गावाला लई भात पिकतो बाई. आई करती. रिझोतो.” आणि मग तो बोलतच सुटला. कांदा बारीक चिरायचा, लोण्यात परतायचा, लसूण घालायची, तांदूळ कोरडाच भाजायचा, त्यावर दारू ओतायची, हाडांचं पाणी पळीपळीनं घालत ढवळायचं, ढवळायचं, शेवटी चीज किसून घालायचं. बोलता बोलता त्याचा हात हवेतच ढवळायला लागला.

अंबिकेनं मोजायला बोटं धरली. “कांदा नको. लसूण नको. दारू तर नकोच. हाडं? शिव शिव! चीज कशाचं करतात?”

सिल्व्हिओनं प्रामाणिकपणे सांगितलं, की दूध विरजायला वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात.

पाचवं बोटही मिटलं. मूठ झाली.

“मंग ऱ्हायलं काय?” सिल्व्हिओ म्हणाला. “भात आन् ढवळनं.”

“मग झालं की! ढवळायला कुठल्या शास्त्रात बंदी आहे? येत्या रविवारी जेवायला या. करून घालते.”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिला जरा धडकी भरली. मग धडकीचाच राग आला. आपल्या चुलीवर आपण एका माणसाला जेवायला बोलावलं, यात घाबरण्यासारखं काय होतं? तिनं संध्याकाळी दिवा लावल्यावर सासऱ्यांना सरळ सांगून टाकलं.

शास्त्रीबुवा खूष झाले. दोन महिने नदीकाठी गळ टाकून बसलेल्या माणसाच्या दोरीला झटका बसावा, तसे झाले.

“परदेशी माणूस. परदेशी पदार्थ. माझ्या चातुर्मासात. वा! जेवू घाल. पण सूनबाई, तो पदार्थ सोवळ्यात झाला पाहिजे. नैवेद्याला चालला पाहिजे. नैवेद्याआधी चव बघायची नाही. कांदा, लसूण, वांगं नाही. भाद्रपद आहे, दही नाही. यातलं एक चुकलं, की सोमवारी सकाळची सर्व्हिस मोटार. तुझी ट्रंक मी धरीन.”

“सगळं पाळीन,” अंबिका म्हणाली. “तुम्ही विसरलात तेही.”

शामकांत पंप बघायला उठला होता, पण पंप चालू असल्याचं आठवून पुन्हा बसला.

रविवारी सकाळी छबूबाई माळीण पाटी घेऊन आली. शास्त्रीबुवा दारातच उभे होते.

“पाटीत कांदा आहे का?”

“हाय की! गावरान हाय, लालभडक.”

“तो बाहेर काढून ठेव, मग पायरी चढ.”

छबूबाईनं कंबरेवर हात ठेवला. “आवं शास्त्रीबाबा, कांद्याला येवढं भ्यायचं हुतं तर नगर जिल्ह्यात जल्माला कशापायी आलासा? हितं तर बांधाला पाय लागला तरी कांदा घावतो.”

“हे चार महिने—”

“मला म्हाईत हाय तुमचं चार महिनं. न्हवमीला माझी निम्मी पाटी ह्याच घरात रिती झाली.” ती आत ओरडली, “वयनी, काय देऊ? कांदा म्हनू नगा, सासरं चक्कर यून पडत्याल.”

अंबिकेनं दुधी घेतला, तांबडा भोपळा घेतला, कोवळा दोडका घेतला. छबूबाईनं वर कोथिंबिरीची जुडी टाकली आणि हळूच विचारलं, “त्यो बॉयलरवरचा गोरा येनार हाय म्हनं जेवायला? वाढा, वाढा. बिचाऱ्याची आय लई लांब हाय.”

तांदळाचा प्रश्न नव्हता. अंबिकेचं माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगरातलं, भाताचं. रेशनच्या दुकानात त्या आठवड्यात मिळाला होता तो तांदूळ कमी आणि खडे जास्त. पण आईनं धाडलेली आंबेमोहोराची एक पुरचुंडी तिनं सणासाठी राखून ठेवली होती. आखूड, गोल दाणा, शिजला की एकमेकांचा हात न सोडणारा. सिल्व्हिओनं चिमटीत धरून बघितला तेव्हा म्हणाला होता, “ह्यो आमच्या गावचा पावना दिसतोय.” घरात तेवढाच तांदूळ होता. पोळ्यांना गहू नव्हता. त्या दिवशी चुलीवर चढणार होतं ते हेच, दुसरं काही नाही.

कांद्याच्या जागी काय, यावर तिची दोन रात्री झोप गेली होती. आईची एक गोष्ट तिला आठवली. दुधी किसून, पिळून, मंद तुपावर धीरानं परतला की त्याचा बावळटपणा जातो आणि गोडीला रंग चढतो. तिनं तेच करायचं ठरवलं. हाडांच्या पाण्याऐवजी भोपळ्याच्या साली, दोडक्याच्या शिरा, कोथिंबिरीच्या काड्या आणि मिरे उकळत ठेवले. वासरावाचून चीज होत नसेल, तर न होवो. तिच्याकडं बेरी होती. लोणी कढवून तूप गाळलं की पातेल्याच्या तळाला जी तांबूस, खमंग, किंचित आंबूस खरड उरते ती. पोरं साखर घालून तिच्यावर भांडतात. अंबिकेनं ती सैंधव घालून चुरून ठेवली.

राहिली दारू.

आंघोळ करून, सोवळ्याचं लुगडं नेसून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली आणि अगदी आज्ञाधारक आवाजात म्हणाली, “मामंजी, एक शंका होती.”

शास्त्रीबुवांना शंका फार आवडत. “विचार.”

“आपण जेवल्यावर दोन चमचे द्राक्षासव घेता. ते द्राक्षं आंबवूनच करतात ना?”

“औषध आहे ते.”

“हो. पण आंबवलेलं. चातुर्मासात चालतं?”

“औषधाला कसलं आलंय सोवळं-ओवळं?” शास्त्रीबुवा गरजले. “औषध म्हणजे गंगाजल! शास्त्रवचन आहे. कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी, कशाबरोबरही!”

“कशाबरोबरही,” अंबिका म्हणाली. “बरं झालं विचारलं.” आणि वाटी पुढं केली. “त्यातलं थोडं द्या. पाहुण्यांच्या पदार्थाला लागतं.”

शास्त्रीबुवांनी कोनाड्यातली बाटली आधी पोटाशी धरली. पण वचन त्यांनीच नुकतंच दिलं होतं, आणि ते अजून ओसरीत घुमत होतं. वाटी भरली.

स्वयंपाकघराला मागच्या बाजूनं एक खिडकी होती. खिडकीबाहेर शेवग्याखाली सिल्व्हिओ पालथ्या बादलीवर बसला होता, स्वच्छ सदरा घालून, केसांना पाणी लावून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. आत त्याला येता येत नव्हतं, आणि तिला बाहेर जाता येत नव्हतं. शिकवणी गजांतून सुरू झाली.

तिनं तूप तापवलं, हिंग टाकला, दुधीचा कीस सोडला. कीस पाणी सोडत बसला, मग रडणं आवरून लालसर व्हायला लागला. हिंग, तूप, करपण्याच्या एक पाऊल अलीकडं थांबलेला दुधी: तो वास उठला, ओसरीत गेला, आणि नुकतेच टपाल कचेरीपर्यंत पाय मोकळे करून आलेल्या शास्त्रीबुवांच्या नाकात शिरला.

“कांदा!” ते ओरडले. “सूनबाई! कांदा!”

“नाही हो मामंजी. हवा होता का?”

ते धावतच आले. “हा वास कशाचा?”

“हिंगाचा. आणि दुधीचा.”

“दुधीला असा वास येत नाही.”

“दुधीला आपल्याकडं कुणी इतका वेळ देत नाही.”

त्यांनी डोकं आत घालून फडताळ बघितलं, भाजीची टोपली बघितली, चुलीमागचा कोनाडा बघितला. कांदा नव्हता. सालही नव्हती. तेवढ्यात अंबिका शांतपणे म्हणाली, “मामंजी, पाय.”

शास्त्रीबुवांनी खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय, बाहेरून आलेल्या धोतरासकट, उंबऱ्याच्या आत होता.

“ओवळ्यात आलात,” अंबिका म्हणाली. ढवळणं तिनं थांबवलं नव्हतं. “आता हे देवाला चालायचं नाही. तुम्हालाही नाही. आणि घरात दुसरा तांदूळ नाही, रेशन उद्या. तुमचं तर एकभुक्त, म्हणजे आज उपास. नेवाशाला जायचं कारणही मिळालं; पण चूक कुणाची लिहायची, तेवढं सांगा.”

ओसरीतून शामकांत खोकला. ते हसू होतं, पण त्याला खोकल्याचं रूप देण्याइतकं शिक्षण त्याला होतं.

शास्त्रीबुवा विचारात पडले. पोट रिकामं असताना केलेला विचार फार खोल जातो. “पूर्ण पाऊल नाही आलं,” ते म्हणाले. “चवडा आलाय. टाच बाहेर आहे.”

“मग?”

“मनुष्य टाचेवर उभा असतो. टाच जिथं, तिथं मनुष्य.”

“हे कुठं सांगितलंय?”

“सांगितलंय,” शास्त्रीबुवा म्हणाले, आणि चवडा काढून घेतला.

“बाई, ढवळा!” खिडकीतून आवाज आला. “मंग भांडा. थांबू नगा!”

तांदूळ पडला, तुपात चमकला. द्राक्षासव पडलं आणि फुस्स करून त्याचा ढग उठला. सिल्व्हिओनं खिडकीचे गज धरले आणि डोळे मिटले. त्याला नेमकं काय आठवलं, हे विचारायला अंबिकेला फुरसत नव्हती. ती पळीपळीनं सालींचा काढा घालत होती आणि ढवळत होती.

भात ढवळायचा नसतो, हे तिला बोलता येण्याआधी शिकवलं होतं. ढवळला की दाणा मोडतो. आणि भातात कणी राहता कामा नये. दाण्याच्या पोटात कच्चा कण राहिला तर पोरीच्या आईचा उद्धार होतो. इथं हा माणूस खिडकीबाहेरून सांगत होता, की ढवळा, आणि पोटात कणी ठेवा.

“दाताला कळली पायजे,” तो म्हणत होता. “मऊ नगं. मऊ भात आजारी मानसाला. चव बगा!”

“चव नाही बघता येत.”

“मंग कळनार कसं?”

अंबिकेनं क्षणभर विचार केला. मग पळीच्या टोकानं चार शितं उचलून, वरूनच, खिडकीच्या कठड्यावरच्या पानावर टाकली. बाहेर गेलेलं शीत आत येणार नव्हतं. सोवळ्याला धक्का नव्हता.

“सूनबाई!” शास्त्रीबुवा पुन्हा आंघोळ करून, सोवळं नेसून, आता टाच कुठं आहे ते बघून दारात उभे होते. “नैवेद्याआधी?”

“अतिथी देवासारखाच ना?”

“तिथी न कळवता येतो तो अतिथी. हा बोलावून आलाय!”

“मग बोलावलेला देव म्हणा. आवाहन केल्याशिवाय आपण तरी कुठला देव पाटावर बसवतो?”

शास्त्रीबुवांनी आपली टाच पुन्हा एकदा तपासली.

“कच्चा,” सिल्व्हिओ बाहेरून म्हणाला. पुन्हा ढवळणं. पुन्हा शितं. “जवळ आला.” पुन्हा ढवळणं. मग एकदम, “आता! आता उतरा!”

अंबिकेनं शीत दोन बोटांत चेपलं. आत कणी होती. तिचे हात झाकणाकडं गेले. झाकण ठेवावं, वर निखारे घालावेत, जरा वाफ येऊ द्यावी. तिच्या आईनं, आजीनं, नेवाशाच्या तिघींनी तेच केलं असतं. बाहेर मामंजी होते, आणि सोमवारची मोटार होती. कणी राहिलेला भात सासऱ्याच्या पानात वाढायचा म्हणजे त्या मोटारीला आपणच हात दाखवण्यासारखं होतं.

‘माझी चूल आहे,’ ती मनात म्हणाली. ‘कणी राहिली नाही. मी राखली.’

तिनं पातेलं उतरवलं, बेरी आणि लोणकढं तूप घातलं, नैवेद्य दाखवला, आणि पानं घेतली.

आत शास्त्रीबुवांचं पान, ओसरीत सिल्व्हिओचं. शामकांतचा पाट कुठं मांडायचा, हा प्रश्न होता. शामकांतनं आयुष्यात पहिल्यांदा बाजू घेतली: त्यानं पाट मधल्या उंबऱ्याला टेकवून मांडला आणि दोन्हीकडं अर्धा अर्धा बसला.

सिल्व्हिओनं पहिला घास घेतला. सावकाश चावला. अंबिका पदर खोचून उभी होती.

“ह्ये आमचं न्हाई,” तो शेवटी म्हणाला. दुसरा घास घेतला. “आईचं न्हाई. आई कांदा घालती.” तिसरा घास घेतला. “पर तुमचंबी न्हाई दिसत. शामरावबी नवीन बगितल्यावानी खात्यात. मंग ह्ये कुनाचं हाय?”

“माझं,” अंबिका म्हणाली.

तिनं ते मोठ्यानं म्हटलं. आत ऐकू जावं इतकं. सिल्व्हिओनं मान डोलावली आणि चौथा घास घेतला.

ती आत आली. शास्त्रीबुवांनी आपोशन घेतलं होतं, मौन लागलं होतं. त्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि त्यांचे डोळे विस्फारले. दाताखाली कणी आली होती. त्यांनी अंबिकेकडं बघितलं. त्या नजरेत नेवासे होतं, तिघी सासवा होत्या, आणि अंबिकेच्या आईचा संपूर्ण उद्धार होता. पण मौन होतं. त्यांनी हुंकार भरला. अंबिकेनं तो ऐकला आणि मान वर ठेवूनच उभी राहिली.

त्यांनी दुसरा घास घेतला, कारण अन्न टाकायचं नसतं. तिसरा घेतला, तो पहिल्या दोन घासांची चौकशी करायला असावा. चौथ्यापासून चौकशी थांबली आणि नुसतं जेवण उरलं.

पान रिकामं झालं. अंबिका पातेलं घेऊन पुढं वाकली आणि पळी पानावर धरून थांबली. आता आडवा हात यायला हवा होता. शामकांत दारातून बघत होता. सिल्व्हिओ मान लांब करून बघत होता. शास्त्रीबुवांचा हात मांडीवर होता. तो किंचित हलला, उचलल्यासारखा झाला, आणि मिशीवरचं शीत पुसून पुन्हा मांडीवर जाऊन बसला.

अंबिकेनं वाढलं. हात आला नाही. पुन्हा वाढलं. हात आला नाही. पातेल्याचा तळ पळीला लागून खरखरला, तेव्हा शास्त्रीबुवांनी त्या आवाजाकडं अशा नजरेनं बघितलं, की न मागण्याचा नेम नसता तर ती नजर सरळ सरळ मागणंच ठरली असती.

अंबिका स्वतः तव्यावरची कालची भाकरी खाणार होती. तिला त्याचं काही वाटलं नाही. सासऱ्यांचा आडवा हात आला नाही, तेवढ्यानंच आज तिचं पोट भरलं होतं.

शास्त्रीबुवा उठले. हात धुतले, चुळा भरल्या, ओसरीत आरामखुर्चीवर येऊन बसले. मौन सुटलं होतं. तरी त्यांनी आधी पंचाची नीट घडी घातली. शामकांत पंपाकडं निघाला होता तो पायरीवरच थबकला. सिल्व्हिओ आपलं पान उचलून मागच्या दारी टाकून आला आणि हात बांधून उभा राहिला, कारण इथं काहीतरी निकाल लागायचाय एवढं त्याला कळत होतं.

“सूनबाई.”

“जी.”

“भातात कणी होती.”

“होती,” अंबिका म्हणाली. “राहिली नव्हती. राखली होती. कांदा नव्हता, लसूण नव्हती, दही नव्हतं. तुम्ही सांगितलेलं सगळं पाळलं. कणीबद्दल तुम्ही काही सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी राखली असती.” तिचा आवाज चढला होता आणि तिनं तो उतरवला नाही. “आता बोला. ट्रंक भरू का?”

वसाहतीच्या पंपाचा धकधक आवाज येत होता. शास्त्रीबुवांनी सुनेकडं बघितलं, मुलाकडं बघितलं, आणि परदेशी पाहुण्याकडं पाठ करून खुर्ची जरा पुढं ओढली.

“ट्रंकेचं राहू दे,” ते हळू आवाजात म्हणाले. “परवा एकादशी आहे. हेच जरा... भगरीचं होईल का?”